महालक्ष्म्यांच्या मागच्या खोलीतलं वायफाय

आमच्या घरातलं वायफाय मी लावलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. कंपनीचा माणूस आला होता, हो, पण त्याने काय केलं? हॉलच्या खिडकीतून तार आत घेतली, राउटर भिंतीवर ठोकला, हिरवे दिवे लागले तर म्हणाला "चल रहा है मैडम" आणि गेला. बाकी सगळं मी. नाव, पासवर्ड, कोणत्या चॅनलवर कमी गर्दी आहे ते बघणं, फोन हातात घेऊन घरभर फिरत कुठे किती स्पीड येते ते तपासणं. बाबा सोफ्यावरून म्हणायचे, "अगं, कुणा भियाला बोलावून घे ना, जो हे काम करतो." आमच्याकडे कुठल्याही भैयाला भियाच म्हणतात. मी म्हणायचे, "बाबा, मीच आहे तो भिया."

आमचं घर परदेशीपुऱ्यात आहे, आजूबाजूला सगळे हिंदीच बोलणारे. रुंदी नाहीच, नुसती लांबी. हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग मागची खोली, सगळं एकामागे एक. समोरच्या दारात उभं राहिलं की थेट मागच्या खोलीची खिडकी दिसते. वायफायसाठी हे एकदम मस्त, कारण सगळी दारं एका रेषेत. राउटर हॉलमध्ये आणि रेंज मागच्या खोलीपर्यंत टकाटक. मी आईला छाती फुगवून सांगितलं होतं, "तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ. तुझा डेमो मख्खन होणार."

डेमोचं सांगते. आई शाळेत गणित शिकवायची. आजी आजारी पडली तेव्हा तिने नोकरी सोडली, आणि आजी गेल्यावर परत विचारायला गेली तर तिच्या जागेवर दुसरी मॅडम आलेली. मग ती घरीच. पण शिकवण्याची सवय कुठे जाते? भाजीवाल्याच्या मुलाला ठेल्याशेजारी उभं राहून लसावि समजावणारी बाई आहे ती. तर मीच तिचा फॉर्म भरून दिला, मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या एका कंपनीत. त्यांनी डेमो क्लास घ्यायला सांगितला. तेव्हा घरात वायफाय नव्हतं, मोबाइलच्या नेटवर घेतला, आणि मागच्या खोलीत मोबाइलला धड एक दांडी येत नाही. आई अपूर्णांक शिकवताना मध्येच फ्रीज झाली. हात वर, तोंड अर्धं उघडं, आणि पलीकडून कुणीतरी "मैम? मैम?" म्हणतंय. नंतर मेल आला की एक चान्स अजून देऊ, शेवटचा, या वेळी कनेक्शन ठीक ठेवा. त्या दिवशी आई नुसती भांडी घासत बसली, आणि आमच्याकडे भांडी मी घासते.

त्याच हफ्त्यात मी बाबांच्या मागे लागून वायफाय घेतलं.

आता दुसरा चान्स कोणत्या दिवशी आला, तर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, संध्याकाळी. आईने तारीख बदलून मागितली. ते म्हणाले, नाही तर पुढच्या सेशनला परत अप्लाय करा. आई मला म्हणाली, "राहू दे मग. सणाच्या दिवशी कुठे."

मी म्हटलं, "संध्याकाळी आहे. जेवणं आटपलेली असतील. तू मागच्या खोलीत बसायचं, दार लावायचं, अर्धा तास. हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या बायका आत्या सांभाळेल."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, गावी, हातोदला असते. दरवर्षी महालक्ष्म्यांना ती येते, आणि आल्या आल्या घर तिच्या ताब्यात. कुणी काय शिवायचं, कुठून जायचं, कुणाचं सोवळं कुठे वाळत घालायचं, सगळं तीच सांगते. आई तिला घाबरत नाही, पण वादही घालत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे मुखवटे असतात, आणि ते स्टीलच्या दोन मोठ्या कोठ्यांवर बसवतात. एका कोठीत गहू, दुसरीत तांदूळ, दोन्ही गच्च भरलेल्या. गहू आत्याच आणते, तिच्या शेतातला. कोठ्यांना साड्या नेसवायच्या, वर मुखवटे, दागिने, गजरे. मी मागे चमकीचा सोनेरी पडदा लावला, छतापासून खालपर्यंत, कारण मागच्या वर्षी भिंतीचे पोपडे फोटोत आले होते. हे सगळं मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारापुढेच, बाजूने जेमतेम एक माणूस जाईल इतकी जागा सोडून. इतक्या सुंदर दिसत होत्या की काय सांगू. मी दहा फोटो काढले आणि मागच्या खोलीत जाऊन मैत्रिणींना पाठवायला लागले.

गेलेच नाहीत. नुसतं गोल गोल फिरतंय.

मी हॉलमध्ये आले, भर्रकन गेले. मागे गेले, बंद. लॅपटॉप उघडला, तिथेही तेच. राउटर बंद करून चालू केला, आपण सगळे आधी तेच करतो. चॅनल बदलला. मग फोन हातात धरून हॉलपासून एक एक पाऊल मागे जायला लागले, स्क्रीनकडे बघत. मधल्या खोलीत महालक्ष्म्यांच्या समोर फुल रेंज. त्यांच्या बाजूने सरकून स्वयंपाकघरात पाय ठेवला, धप्प. परत पुढे आले, फुल. परत मागे, धप्प.

आत्या पुरणाची डाळ निवडत होती. म्हणाली, "काय गं, फुगडी घालतेस का?"

"आत्या, देवीने वायफाय अडवलंय."

"काहीही बोलू नको हं सणाच्या दिवशी."

पण तसंच होतं ना. धातूतून ही रेंज जात नाही, आपटून परत येते. आणि मी काय केलं होतं, तर बरोबर दाराच्या रेषेत स्टीलच्या दोन कोठ्या, त्या पण धान्याने भरलेल्या, आणि कमी पडू नये म्हणून मागे छतापर्यंत चमकीचा पडदा, ती चमकी पण धातूचीच. कुणाला मुद्दाम अडवायची असती रेंज तरी इतकं परफेक्ट जमलं नसतं.

मी आत्याला विचारलं, "कोठ्या थोड्याशा, एवढ्याशा सरकवल्या तर?"

आत्याने सूप खाली ठेवलं. "एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत हलत नाहीत. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. विचारून बघितलं.

"पडदा काढू?"

"आणि ती पोपड्यांची भिंत दाखवू सगळ्यांना?" हे आई म्हणाली, आतून. मग बाहेर आली, माझ्या हातातला लॅपटॉप बघितला, आणि तिला समजलं. तिचा चेहरा एकदम शांत झाला, भांडी घासताना झाला होता तसा. "जाऊ दे. मी त्यांना मेल करून टाकते."

"कुठेच मेल करू नको," मी म्हटलं. "मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे."

हॉलमध्ये बसून डेमो होणारच नव्हता, तिथे पूर्ण मोहल्ला येतो. गच्चीवर समोरच्या मंडळाचा स्पीकर. मग एकच राहिलं, की हॉलमधल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबल टाकायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा. जुन्या कनेक्शनचा एक राउटर माळ्यावर पडलेला होताच. मी आत्याला प्लॅन सांगितला, की केबल जमिनीवरून नेते.

"जमिनीवर लक्ष्मीची पावलं काढलीयत मी. समोरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. पुसली गेली तर?"

"मग वरून नेते, छताला चिकटवून."

"देवीच्या डोक्यावरून वायर न्यायची?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "आता भियाला बोलवू का?"

"बाबा, प्लीज."

आणि मग आत्याच म्हणाली, ही गोष्ट मला तिची खूप आवडते, म्हणाली, "अगं मग बाहेरून ने ना. हॉलच्या खिडकीतून वर गच्चीवर, गच्चीवरून सरळ मागे, आणि मागच्या खिडकीतून खाली. घराला वळसा घाल. प्रदक्षिणा झाली असं समज."

इतकं सोपं. मला कसं नाही सुचलं.

लांबी किती लागेल ते मोजायला घरात टेप सापडेना. आत्या म्हणाली साडीने मोज, तिची लांबी सगळ्यांना पाठ असते. तर आम्ही दोघी गच्चीवर, ती जुनी पाचवारी कठड्यावर पसरते, मी खडूने खूण करते, परत पसरते. खालून शेजारच्या काकू म्हणतात, "ताईजी, सेल लगा रहे हो क्या साड़ी का?" आत्या म्हणाली, "हाव, आप भी ले जाओ एक."

मी जेलरोडच्या बाजारात गेले केबल आणायला. दुकानदाराने विचारलं, "कित्ते मीटर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "साढ़े छह साड़ी, भिया." तो थांबला, बाजूच्या मुलाकडे बघितलं, आणि म्हणाला, "मॅडम, फॉल-पिको भी करवाना है क्या?" मग मी मीटरमध्ये हिशोब करून सांगितलं. तो चांगला निघाला, टोकांना कनेक्टर बसवायचं पकडीसारखं औजार त्याने एक दिवसासाठी दिलं, "कल वापस कर देना, त्योहार है, लगा लो आराम से."

कनेक्टर बसवणं मी कॉलेजच्या लॅबमध्ये एकदाच केलं होतं. केबलच्या आत आठ बारीक रंगीत तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमाने एका ओळीत लावून, सरळ कापून, त्या छोट्या प्लास्टिकच्या टोपीत घालायच्या आणि दाबायचं. मी पहिलं टोक केलं, टोपीच उलटी धरली होती. कापलं, परत केलं. या वेळी एक तार आत पोचलीच नाही. परत कापलं. आई शेजारी बसून पुऱ्यांचं पीठ मळत होती आणि बघत होती. म्हणाली, "क्रम चुकतोय का?" मी म्हटलं नाही, घाई होतेय. ती म्हणाली, "मग घाई सोड," आणि परत मळायला लागली. तिसऱ्या वेळी बसलं. दुसरं टोक पहिल्याच फटक्यात. मला इतकं छान वाटलं की मी ते टोक आत्याला नेऊन दाखवलं, आणि तिने चष्मा लावून ते कानातल्या कुडीसारखं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "नाजूक काम आहे."

केबल अंधार पडायच्या आत टाकली. जेवणाच्या दिवशी सकाळी सगळे नैवेद्याच्या गडबडीत होते आणि मी मागच्या खोलीत जुना राउटर घेऊन बसले. त्याचं बारीक भोक सेफ्टीपिनने दाबून त्याला सगळं विसरायला लावलं. नाव तेच दिलं, पासवर्ड तोच. केबल लावली. लॅपटॉप लगेच जोडला गेला, सगळ्या दांड्या, एकदम भरून. आणि खाली लिहिलेलं, कनेक्टेड, नो इंटरनेट.

मला रडू येणार होतं, खरं सांगते. बाहेर आत्या पंगत मांडत होती, सवाष्ण आली होती, मला हाका चालू होत्या, "अगं पानं घे, पाणी वाढ." मी गेले, पाणी वाढायला लागले. आणि तिथे समजलं.

झालं काय, पंगतीत बाबा पण पाट मांडत होते आणि आत्या पण. बाबा हॉलकडून, आत्या स्वयंपाकघराकडून. एका काकूंना बाबांनी एका पाटावर बसवलं तर आत्याने त्यांना उठवून दुसरीकडे. त्या बिचाऱ्या मध्येच उभ्या. आत्या म्हणाली, "दादा, एकानेच बसवा ना लोकांना. तू जा, तूप घेऊन ये."

मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून मागे पळाले. कारण माझ्याकडे तेच चाललं होतं ना. घरात जो फोन किंवा लॅपटॉप येतो, त्याला राउटर एक जागा देतो, एक नंबर, की तू इथे बस, आणि बाहेर जायचं असेल तर माझ्याकडून जा. आता दोन राउटर होते आणि दोघेही लोकांना बसवत होते. मागचा राउटर लॅपटॉपला सांगत होता, माझ्याकडून बाहेर जा, आणि त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ताच नव्हता. मी लॅपटॉपवर बघितलं, बरोबर, रस्ता म्हणून जुन्या राउटरचाच नंबर. त्याचं ते काम मी बंद केलं होतं, म्हणजे मला वाटत होतं की केलं होतं; बंद करून सेव्हच केलं नव्हतं. या वेळी बंद केलं, सेव्ह केलं, उघडून परत बघितलं, लॅपटॉप नव्याने जोडला.

मैत्रिणींना महालक्ष्म्यांचे दहाच्या दहा फोटो एका सेकंदात गेले.

मी तशीच पंगतीत येऊन आईच्या कानात म्हटलं, "चालू झालं." तिच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. तिने फक्त मान हलवली आणि पुढच्या पानावर वाढायला गेली. पण वाढताना ती हसत होती, आणि त्या पानावर दोन पोळ्या पडल्या.

संध्याकाळी आई साडी बदलून मागच्या खोलीत बसली. केसांत गजरा तसाच राहू दिला. मी स्क्रीनवरची लिहायची पाटी तपासली, आवाज तपासला, दार लावलं. हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या बायका यायला लागल्या होत्या आणि आत्या मधल्या खोलीच्या दारात उभी राहून प्रत्येकीला सांगत होती, "हळू बोला, वहिनीची परीक्षा आहे आत." मोठ्या मोठ्या बायका गुपचूप वाण घेत होत्या.

मी केबल बघून यावी म्हणून गच्चीवर गेले. आणि काय बघते, तर माझ्या केबलवर बाबांचं सोवळं वाळतंय.

आरतीला लागणार म्हणून बाबांनी धोतर धुतलं असणार, आणि सोवळं कुणाचा हात लागू नये म्हणून उंचावर घालतात. त्यांना गच्चीवर नवी उंच दोरी दिसली, घातलं. ओलं, जड धोतर. केबल मध्ये वाकली होती, आणि मागच्या कठड्यावरून खाली खिडकीत जाते तिथे ताणली गेली होती. अजून थोडी सरकली की टोक राउटरमधून निघालंच. समोरच्या मंडळाचा स्पीकर अजून लागला नव्हता, म्हणून खालून आईचा आवाज येत होता, क्लास सुरू झाला होता.

आता सोवळ्याला मी हात लावू शकत नव्हते. लावला असता तर ते परत धुवावं लागलं असतं आणि आरती अडली असती, आणि आत्याने मला काय केलं असतं ते सोडाच. सोवळं काठीने उचलतात. काठी कोपऱ्यात होती. मी ती धोतराखाली घातली आणि उचललं. काढून ठेवणार कुठे, दुसरी दोरी नव्हती, जमिनीवर टाकता येत नाही. तर मी तशीच उभी राहिले, काठीवर धोतर झेंड्यासारखं धरून, केबल सैल सोडून.

किती वेळ उभी होते माहीत नाही. हात भरून आले. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. समोरच्या मंडळाच्या मुलांनी बघितलं आणि एकजण ओरडला, "दीदी, किसको हरी झंडी दे रही हो?" मी तोंडावर बोट ठेवलं.

आणि खाली आई शिकवत होती. मी तिला कधी शिकवताना ऐकलंच नव्हतं, शाळेतली आई मला माहीतच नव्हती. पलीकडे एक मुलगी होती, बारीक आवाजाची, तिला एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश ते समजत नव्हतं. ती म्हणाली चार मोठा आहे, तर एक-चतुर्थांश मोठा. आई हिंदीत म्हणाली, "अच्छा. चलो, एक पोहे की प्लेट है. तीन लोग खाएँगे तो तुमको ज़्यादा मिलेगा या चार खाएँगे तो?" मुलगी गप्प. आईपण गप्प. मला वाटलं नेट गेलं. काठी अजून वर उचलली. पण नाही, आई थांबली होती. ती वाट बघत होती, मुलीला स्वतः म्हणू देत होती. मग मुलगी म्हणाली, "तीन. मतलब नीचे वाला बड़ा, तो टुकड़ा छोटा." आणि आई म्हणाली, "अब यही बात तुम मुझे दूसरे सवाल में समझाओ."

एकदाही अडकली नाही. एकदाही कुणी "मैम? मैम?" म्हटलं नाही.

शेवटी कंपनीच्या सरांचा आवाज आला. पिछली बार से बहुत फर्क है मैम, म्हणाले. आणि मग विचारलं की घरी कनेक्शनचा सेटअप काय आहे, कारण सोमवारपासून बॅच दिली तर रोज असंच चालायला हवं.

मी वर श्वास रोखून उभी. धोतराचं टोक माझ्या नाकाला लागायला बोटभरच उरलं होतं.

आई म्हणाली, "सर, आगे वाले कमरे में मेन राउटर है. वहाँ से केबल छत पर से पीछे लाई है, और इस कमरे में दूसरा राउटर है." एकदम गणिताच्या मॅडमसारखं, पायरी पायरीने. सगळं तिच्या लक्षात होतं, ती पीठ मळत असताना मी तिच्याशी बडबडत होते ते.

"किससे करवाया मैम? कोई दिक्कत आए तो वो आ जाएगा ना?"

"बेटी ने किया है," आई म्हणाली. "यहीं रहती है. बुलाऊँ?"

मला वरून ओरडून सांगायचं होतं की आत्ता नाही येऊ शकत. बाबा तेवढ्यात आरतीसाठी सोवळं घ्यायला गच्चीवर आले. मला बघितलं, काठी बघितली, केबल बघितली, खालचा आवाज ऐकला. माझ्या हातातून काठी घेतली आणि धोतर धरून स्वतः उभे राहिले.

"जा," म्हणाले. "बोलावतायत तुला."